रॅम महागली, विंडोज १० गेलं: घरचं आर्केड आता जुन्या पीसीवर का बांधावं?

घरी आर्केड मशीन बांधायचं म्हटलं की यूट्यूबवर उत्तर ठरलेलं असतं: रास्पबेरी पाय घ्या, मेमरी कार्डात सॉफ्टवेअर टाका, प्लायचा खोका बनवा आणि वर रंगीत एलईडी पाटी लावा. गेली दहा वर्षं हा सल्ला बरोबरही होता. पण गेल्या काही महिन्यांत दोन बातम्या अशा आल्या की सगळं गणित बदललं. एक, जगभर रॅम महागली. दोन, विंडोज १० चा सपोर्ट संपला.

या दोन्हींचा बोदवडमध्ये प्लायचा खोका ठोकणाऱ्याशी काय संबंध? सरळ संबंध आहे. नवा बोर्ड महाग झाला आणि जुने कॉम्प्युटर ऑफिसांमधून बाहेर पडायला लागले. त्यामुळे आज सुरुवात करणाऱ्याने जुना पीसी घ्यावा आणि वाचलेले पैसे बटणं, वीजपुरवठा आणि पाटीवर लावावेत. का, ते नीट पाहू.

नेमकं काय महागलं?

एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते. चिप बनवणाऱ्या कंपन्यांना तिथे जास्त पैसे मिळतात, म्हणून कारखान्यांची क्षमता तिकडे वळली आणि आपल्या फोन-कॉम्प्युटरच्या मेमरीचा तुटवडा झाला. मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये 'क्रुशियल' हा सामान्य ग्राहकांसाठीचा ब्रँड बंद करण्याची घोषणाच केली.

रास्पबेरी पायवर याचा परिणाम आकड्यांतच दिसतो. १६ जीबीचा पाय ५ जानेवारी २०२५ मध्ये १२० डॉलरला आला. डिसेंबरमध्ये तो १४५ डॉलर झाला आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये २०५ डॉलर. एका डॉलरचे ९० रुपये धरले तर साधारण साडेअठरा हजार रुपये. वर कर, वाहतूक आणि विक्रेत्याचा नफा वेगळा. डिसेंबरमध्येच कंपनीने १ जीबीचा स्वस्त पाय ५ आणला, ४५ डॉलरचा. म्हणजे कंपनीनेही मान्य केलं की प्रत्येक कामाला ढीगभर मेमरी लागत नाही.

मुस्तफाला किती रॅम लागते?

आर्केड हे असंच कमी मेमरीचं काम आहे. आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात, तो गेम म्हणजे कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. मूळ मशीनमधला मुख्य प्रोसेसर सुमारे १२ मेगाहर्ट्झवर चालायचा. आजचा पाय ५ २.४ गिगाहर्ट्झवर चालतो आणि त्यात चार कोअर असतात.

जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामला एम्युलेटर म्हणतात. आर्केडसाठी सगळ्यात प्रसिद्ध एम्युलेटर म्हणजे 'मेम'. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने तो फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्या काळच्या कॉम्प्युटरवरही अनेक गेम चालायचे. म्हणजे ९० च्या दशकातले टूडी गेम खेळायला १६ जीबीची अजिबात गरज नाही. जुन्या पीसीतली ४ जीबीही भरपूर झाली.

जुना पीसी घेताना काय बघाल?

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. नोंदणी केलेल्या घरगुती युजरला सुरक्षा अपडेटसाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, तीही ऑक्टोबर २०२६ मध्ये संपेल. विंडोज ११ अधिकृतपणे चालवायला इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्याआधीचे धडधाकट पीसी फक्त याच कारणाने 'जुने' ठरले.

आर्केडसाठी मात्र विंडोज लागतच नाही. 'बॅटोसेरा' ही मोफत, लिनक्सवर आधारलेली सिस्टीम पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होते. घेण्याआधीच पेन ड्राइव्ह नेऊन लावून बघता येते. चाललं तर घ्या, नाहीतर पुढचं दुकान. ऑनलाइन मागवलेल्या बोर्डात बिघाड निघाला तर बोदवडहून तो परत पाठवण्यात आठवडा जातो. भुसावळ-जळगावला समोर चालवून घेतलेल्या पीसीत ही भानगड नाही.

तीन गोष्टी तपासा. पीसी चौथ्या पिढीच्या आय३ किंवा त्यापुढचा असावा. रॅम आतच बसवलेली असावी, कारण सुटी रॅम आता जुनीही महाग मिळते. आणि हार्ड डिस्कऐवजी छोटी एसएसडी असेल तर उत्तम. सोबत जुना चौकोनी मॉनिटर मिळाला तर सोडू नका. आर्केडचे गेम त्याच आकारासाठी बनलेले होते, रुंद स्क्रीनवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात.

पीसीची बाजू लंगडीही आहे. तो पायपेक्षा जास्त वीज खातो आणि जागाही जास्त घेतो. समजा ५० वॉट जास्त लागले आणि रोज दोन तास खेळलात, तर महिन्याला ३ युनिट वाढतील. बोर्डाच्या किमतीतला फरक त्यातून भरून निघायला बरीच वर्षं लागतील.

वरची पाटी आपोआप कशी बदलते?

आर्केड मशीनच्या डोक्यावरच्या पाटीला मार्की म्हणतात. जुन्या मशीनमध्ये छापलेली प्लास्टिकची पाटी असायची आणि मागे ट्यूबलाइट. एक मशीन, एक गेम, म्हणून चालून जायचं. घरच्या मशीनमध्ये पन्नास गेम असतात, मग पाटीवर कुणाचं नाव लिहिणार? म्हणून डायनॅमिक मार्की आली. गेम निवडला की त्याचा लोगो वर झळकतो.

यामागची युक्ती साधी आहे. गेम सुरू होताना आणि बंद होताना बॅटोसेरा तुमची एक छोटी स्क्रिप्ट चालवू शकतं आणि तिला गेमचं नाव देतं. स्क्रिप्ट त्या नावाचं चित्र शोधते आणि पाटीकडे पाठवते. बस, एवढंच. 'पिक्सेलकेड' नावाचा तयार संच बाहेर मिळतो, तोही याच तत्त्वावर चालतो.

पाटी म्हणजे आपल्या ओळखीचेच एलईडी पॅनल. दुकानावर लाल अक्षरं सरकवणारा बोर्ड पाहिलाय ना? ते बहुतेक पी१० पॅनल असतं. पी१० म्हणजे दोन दिव्यांत १० मिलिमीटर अंतर. एका पॅनलमध्ये आडवे ३२ आणि उभे १६ दिवे, आकार ३२ बाय १६ सेंटिमीटर. लांबून वाचायला ते ठीक आहे, पण दोन फुटांवरून चित्र फुटतं. आर्केडसाठी पी४ घ्या. त्याच्या ६४ बाय ३२ दिव्यांच्या पॅनलचा आकार २५.६ बाय १२.८ सेंटिमीटर असतो. दोन शेजारी लावले की ५१ सेंटिमीटरची पाटी तयार. खरेदी करताना 'फुल कलर, हब७५' असंच सांगा. एकरंगी पॅनलला हब१२ जोडणी असते, ती इथे उपयोगाची नाही.

पीसीला पॅनल थेट जोडता येत नाही. मध्ये ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर लागतो, जो यूएसबी किंवा वायफायवरून चित्र घेतो. १२८ बाय ३२ दिव्यांचं एक पूर्ण रंगीत चित्र फक्त १२ केबीचं असतं. ईएसपी३२ मध्ये ५२० केबी मेमरी चिपच्या आतच असते, वेगळी रॅम लागत नाही. एक काळजी घ्या: ईएसपी३२ चा सिग्नल ३.३ व्होल्टचा आणि पॅनलला अपेक्षा ५ व्होल्टची. पाटीवर कचरा दिसायला लागला तर मध्ये एचसीटी२४५ चिप लावा आणि रिबन केबल आखूड ठेवा.

आधीच पाय ४ घरात असेल तर तो पॅनल स्वतःच चालवू शकतो. पाय ५ मध्ये मात्र पिनांचं काम वेगळ्या चिपकडे गेलंय, त्यामुळे पाय ४ साठीचा जुना कोड त्यावर जसाच्या तसा चालेल असं धरू नका.

मराठी नाव झळकवायचं असेल तर एक अडचण येते. ईएसपी३२ वरचे साधे फॉन्ट जोडाक्षरं जुळवत नाहीत, 'क्ष' आणि 'र्य' ची वाट लागते. उपाय सोपा: अक्षरं पीसीवरच लिहा, चित्र म्हणून सेव्ह करा आणि चित्रच पाठवा. अक्षराची उंची किमान १६ दिवे ठेवा, नाहीतर वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात.

रील काढताना पाटीवर काळे पट्टे दिसले तर घाबरू नका. अशा पॅनलमध्ये सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, एका क्षणी दोनच ओळी पेटतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/२५ करा, पट्टे कमी होतील.

वीज आणि ऊन: इथे कंजूसपणा नको

एक पी४ पॅनल पूर्ण पांढरा पेटला तर ५ व्होल्टवर सुमारे ४ अँपिअर घेतो. दोन पॅनल म्हणजे ८ अँपिअर, ४० वॉट. कॉम्प्युटरच्या निळ्या यूएसबी पोर्टमधून नियमाप्रमाणे ०.९ अँपिअरच मिळतो. म्हणून पॅनलला वेगळा ५ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस द्या. बोर्ड बनवणाऱ्यांकडे तो मिळतो. त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. त्यावर झाकण हवं, अर्थिंग हवं, आणि ही जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. घरात ब्राइटनेस २५-३० टक्के ठेवला तरी भरपूर होतो.

दुसरा प्रश्न उन्हाचा. जळगाव जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. पाय ५ चं तापमान ८० अंशांना पोचलं की तो वेग कमी करायला लागतो, ८५ ला आणखी. परदेशी व्हिडिओतला माणूस २२ अंशांच्या खोलीत बसलेला असतो. त्याचा बंद खोका बघून आपला बंद ठेवू नका. खालून हवा आत आणणारा एक आणि वरून बाहेर फेकणारा एक, असे १२ सेंटिमीटरचे दोन पंखे लावा. पाटीची उष्णताही वरच असते, म्हणून वरचा पंखा तिच्या मागे बसवा. जुना पीसी असेल तर आतली धूळ काढून प्रोसेसरची थर्मल पेस्ट बदला.

अचानक लाइट गेली तर चालू मशीनमधली फाइल खराब होऊ शकते. छोटा यूपीएस असेल तर पीसी नीट बंद करता येतो. यूपीएस नसेल तर तयार सिस्टीमची एक प्रत दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवाच.

गेम कुठून आणायचे?

एम्युलेटर कायदेशीर आहे, पण गेमची फाइल हा वेगळा विषय आहे. १९९३ चा गेम अजूनही कॉपीराइटमध्ये आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ हक्काने प्रत बाळगणाऱ्याला बॅकअप काढू देतं. पण कुणाच्याही साइटवरून हजार गेम उतरवणं त्यात बसत नाही. '१० हजार गेमसह' विकले जाणारे तयार खोकेही त्यामुळे सुरक्षित ठरत नाहीत.

कायदेशीर वाट अरुंद आहे, पण आहे. 'रॉबी रोटो'सारखे काही जुने गेम हक्कदारांनीच विनाव्यावसायिक वापरासाठी मोकळे केलेत आणि ते मेमच्या अधिकृत साइटवर मिळतात. कॅपकॉम आपले जुने आर्केड गेम 'आर्केड स्टेडियम' या संचातून पीसीवर विकते. मुस्तफाचं दुखणं मात्र वेगळं आहे. तो एका कॉमिकवर बेतलेला, त्यामुळे हक्क दोन ठिकाणी. कॅपकॉमने २०१८ मध्ये मारामारीच्या सात जुन्या गेमचा संच काढला, त्यातही तो नव्हता. लोकांना सगळ्यात जास्त हवा असलेला गेमच सरळ मार्गाने मिळत नसेल, तर चोरीची फाइल फिरणारच. याचं उत्तर कंपन्यांनी द्यायचं आहे.

पैशाचा खेळ करायचा का?

ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा संसदेने मंजूर केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे, खेळणाऱ्याला नाही. घरचं ऑफलाइन मशीन या कायद्याच्या कक्षेत येत नाही. पण तेच मशीन दुकानात ठेवून नाणं घ्यायला लागलात की तो सार्वजनिक करमणुकीचा धंदा होतो. त्याला परवानग्या लागतात आणि गेमचा व्यावसायिक हक्कही लागतो. घरासाठी बांधलेलं मशीन घरातच ठेवा.

मग सुरुवात कुठून?

आधी बॅटोसेराची पेन ड्राइव्ह बनवा आणि घरातल्याच पीसीवर एक आठवडा खेळून बघा. आवडलं तर जॉयस्टिक आणि बटणं घ्या. मग जुना पीसी, मग सुताराकडून खोका, आणि पाटी सगळ्यात शेवटी. पाटी नसली तरी गेम चालतो, बटण अडकलं तर चालत नाही.

रॅम पुन्हा स्वस्त होईल तेव्हा पाय घ्यायला कुणी अडवलेलं नाही; खोका, बटणं आणि पाटी तीच राहतील. आणि पाटी बांधताना तुम्ही पॅनल, एसएमपीएस आणि कंट्रोलर जोडायला शिकलेले असाल. दुकानाचा सरकता बोर्ड असो की सराफाचा भाव दाखवणारा, आत याच तीन वस्तू असतात. तालुक्याच्या गावात असा बोर्ड बंद पडला की दुरुस्तीला माणूस शोधावा लागतो. तो माणूस तुम्ही होऊ शकता.