पंचनाम्यात न बसणारा खोकला

महाडच्या काजळपुऱ्यातील तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी कोसळली. १६ जणांचा जीव गेला. चार वर्षांचा एक मुलगा सुमारे १९ तासांनी जिवंत निघाला, ते दृश्य सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल पोहोचेपर्यंत राडारोडा हातांनी उपसला तो आसपासच्या तरुणांनी. पुढच्या वर्षी २२ जुलैला महाड पुरात बुडाले. तळिये इथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या.

मृत, पडलेली घरे, दगावलेली जनावरे यांचे पंचनामे झाले. आम्हाला बोलायचे आहे ते पंचनाम्यात न बसणाऱ्या एका गोष्टीबद्दल, म्हणजे धुळीबद्दल.

इमारत पडते तेव्हा सिमेंट, वाळू, विटा, प्लॅस्टर यांचा भुगा होतो. जाड कण नाकात अडकतात, बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातात. सिमेंट अल्कधर्मी असते, ओल्या श्वासनलिकेला ते पोळवते. वाळूतली सिलिका फुफ्फुसात वर्षानुवर्षे राहिली तर व्रण धरते. पुराचा गाळ वेगळा. त्यात गटाराचे पाणी, दुकानांतला सडलेला माल, रसायने असे सगळे मिसळलेले असते. पाऊस उघडला, ऊन पडले की तोच गाळ रस्त्यावर धूळ होऊन उडतो आणि ओलावलेल्या भिंतींवर बुरशी धरते. दम्याच्या रुग्णाला एवढे पुरेसे आहे, आणि ज्याला कधी दमा नव्हता त्यालाही मोठ्या माऱ्यानंतर धाप लागू शकते.

ही धूळ सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. पुरानंतर ठाणे, नवी मुंबईसह अनेक शहरांतून सफाई कामगारांची पथके महाडला आली. फावडे-घमेले घेऊन गाळ काढणारे हात कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. लेप्टोची गोळी वाटली जाते ती योग्यच, पण नाकातोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. त्यासाठी एन-९५ मास्क लागतो, आणि तो कंत्राटी माणसाला रोज नवा मिळायला हवा.

आता मदतीचे निकष पाहा. त्या वर्षी लागू असलेल्या आपत्ती निधीच्या निकषांत जखमीला एक आठवड्याहून जास्त काळ रुग्णालयात राहिल्यास १२,७०० रुपये आणि त्याहून कमी राहिल्यास ४,३०० रुपये होते. २०२२ मध्ये हे आकडे १६,००० आणि ५,४०० झाले. रक्कम वाढली, मोजमाप तेच राहिले. खाटेवर किती दिवस काढले, यावर दुखापत ठरते. सहा महिन्यांनी जिना चढताना दम लागणाऱ्याला या हिशेबात जागाच नाही. इमारत कोसळणे तर केंद्राच्या आपत्तींच्या यादीतही नाही.

दवाखान्यातही असेच होते. दोन आठवड्यांहून जुना खोकला असला की क्षयरोगासाठी थुंकी तपासतात, आणि ते करायलाच हवे. पण अहवाल निगेटिव्ह आला की बाटलीभर औषध देऊन बोळवण होते. "आधी काय काम केलंत?" हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. जिल्हा रुग्णालय अलिबागला, पोलादपूरपासून शंभर किलोमीटरहून लांब. रोजंदारी बुडवून तिथे कोण जाणार?

न्यूयॉर्कचे जुळे मनोरे २००१ साली पडले तेव्हा अग्निशमन जवानांना लागलेल्या खोकल्याला डॉक्टरांनी वेगळे नाव दिले. तरी कायदा व्हायला २०१० उजाडले. बचाव करणाऱ्यांबरोबर राडारोडा उपसणारे मजूर आणि परिसरातले रहिवासीही त्यात आले. एक लाखाहून अधिक लोकांची नोंद झाली, आणि २०१५ मध्ये त्याची मुदत २०९० पर्यंत वाढवली गेली. अमेरिकेकडे पैसा आहे, हे खरे. पण यादी करायला फारसा पैसा लागत नाही.

पंचनाम्यासोबत राडारोडा आणि गाळ काढणाऱ्यांची नावे, किती दिवस काम केले, तोंडावर काय होते, याची नोंद तालुक्याला ठेवता येईल. आशाताईंना त्यांच्याकडे सहा महिन्यांनी, वर्षाने जाता येईल. फुंकून श्वासाचा जोर मोजायचे पीक फ्लो मीटर स्वस्त आणि हातात मावणारे आहे. त्यात कमी आकडा आला तर स्पायरोमेट्रीसाठी पाठवावे, आणि ती सोय महाडमध्येच असावी. दर २० मार्चला चवदार तळ्यावर येणाऱ्या आपल्या संस्था-संघटनांनी आपल्या मंडपात एक टेबल या तपासणीसाठी लावावे. शासन यादी करेपर्यंत सफाई कामगारांची आणि नाक्यावरच्या बिगाऱ्यांची नावे निदान आपल्या वहीत तरी उतरतील.