चाळा जरूर, पण हात लावण्याआधी वाचा

‘सगळं वाचत बसायला वेळ कुणाला आहे? भराभर नजर टाकायची, हवी ती ओळ उचलायची, चालवून बघायची. चाललं की पुढे.’ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांमध्ये हे मत सर्रास ऐकू येतं. चंद्रपूर-गडचिरोलीतून शिकून पुण्या-नागपुरात नोकरीला लागलेली मुलंही तेच म्हणतात.

त्यातला खरा भाग आधी मान्य करू. साध्या ॲपच्या पोटातही दुसऱ्यांनी लिहिलेल्या कितीतरी लायब्ररी असतात. त्यांची ओळन् ओळ वाचायची म्हटलं तर जन्म पुरणार नाही. कुठे काय आहे हे हुडकायला चाळणंच योग्य. पण चाळून जागा सापडते. तिथल्या अटी कळत नाहीत.

‘चालवून बघितलं, चाललं’ हा युक्तिवाद तर टिकतच नाही. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष आठवा. जोडणी चालू आहे का हे बघायची त्यात एक सुविधा होती: समोरचा संगणक थोडा मजकूर आणि त्याची लांबी पाठवायचा. सर्व्हरने तो जसाच्या तसा परत करायचा. पाठवलेला मजकूर सांगितलेल्या लांबीएवढा आहे का, हे कोड तपासतच नव्हता. लांबी फुगवून सांगितली की सर्व्हर आपल्या स्मृतीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा ऐवज देऊन मोकळा. अशी खोटी लांबी आली तर संदेश टाकून द्यावा, असं त्या सुविधेच्या मानकातच लिहिलेलं होतं. कोड दुसऱ्या जाणकाराच्या तपासणीतूनही गेला होता. तरी २०१२ ते २०१४, दोन वर्षं तो जगभर बिनबोभाट ‘चालत’ राहिला.

‘आता यंत्र सारांश काढून देतं’ हा तिसरा मुद्दा. त्याचं उत्तर आपल्याच गडचिरोली जिल्ह्यात आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा वनखात्याने वाहतूक परवाना अडवला. १९२७ च्या वन कायद्याच्या व्याख्येत बांबू हे झाड होतं, म्हणून खातं त्याला गौण वनोपज, म्हणजे लाकडाखेरीज इतर वनउत्पन्न, मानत नव्हतं. गावाची भिस्त होती २००६ च्या कायद्याच्या कलम २ वर. तिथे गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूचं नाव स्पष्ट आहे. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. ‘गावाला जंगलाचे हक्क मिळाले’ एवढ्या सारांशावर हा बांबू सुटला नसता.

मेंढ्याने देशातले सगळे कायदे पाठ केले नव्हते. पण तिथे अभ्यासगटाची जुनी रीत आहे: विषय एकत्र बसून समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवायचं. आधी समज, मग निर्णय हा क्रम कोडलाही लागू आहे. जिथे आपण बदल करणार, जिथे बाहेरची माहिती आत येते, जिथे आपल्या चुकीची किंमत दुसरा मोजणार, तिथली व्याख्या, अट आणि अपवाद शब्दन् शब्द वाचलेच पाहिजेत. बाकीचं खुशाल चाळा.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या महाविद्यालयांनी आठवड्यातला एक तास कोड एकत्र वाचण्यासाठी राखून ठेवावा. एकाने ओळ वाचावी, इतरांनी ‘हे कशासाठी?’ विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत पुढची ओळ घेऊ नये.