टबमन यांचे छायाचित्र कोणाला खुपले?

2025 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने 'अंडरग्राउंड रेलरोड'विषयीच्या माहितीतून हॅरिएट टबमन यांचे ठळक छायाचित्र हटवले आणि काळ्या-गोऱ्यांच्या सहकार्याचे गोडवे गायले. ओरड झाली तेव्हा एप्रिलमध्ये जुनी माहिती परत आली. पण ही चलाखी समजून घेतली पाहिजे.

या 'रेल्वे'ला ना रूळ होते, ना इंजिन. पळालेल्या गुलामांना लपवून पुढच्या मुक्कामी पोचवणारी घरे हीच तिची स्टेशने. त्यांत लेव्ही कॉफिन यांच्यासारख्या गोऱ्या क्वेकरांची घरे होती, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु बॉस्टनमधील लुईस हेडन कोण होते? स्वतः केंटकीच्या गुलामीतून निसटलेले! 1850 च्या कायद्याने आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होती. हेडन यांच्यासारख्यांना तर पुन्हा बेड्या पडण्याचेच भय होते. तरीही दार उघडेच राहिले.

फिलाडेल्फियात विल्यम स्टिल यांनी आश्रयाला आलेल्या शेकडो जणांची हकिगत लिहून ठेवली, ताटातूट झालेली माणसे पुन्हा भेटावीत म्हणून. 1872 मध्ये तिचा ग्रंथ झाला. पुढच्याच वर्षी महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केला.

मदत करणाऱ्यांचे ऋण मानावे; पण बेडी तोडणाऱ्याचे श्रेय कोणाला लाटू देऊ नये. स्टिल यांनी लिहून ठेवले म्हणून आज खोटे उघडे पडते. आपल्या लढ्याच्या वह्या आपणच लिहिल्या पाहिजेत. दुसरा लिहील तेव्हा आपले नाव गाळूनच लिहील!