आधी नळी बघा, मग पार्ट बदला!

मध्यंतरी नाशिक हायवेवर पडघ्याच्या एका गॅरेजमध्ये तासभर बसायचा योग आला. माल भरलेली एक डिझेल पिकअप आली. ब्रेक पेडल दगडासारखं कडक! ड्रायव्हरला कोणीतरी सांगितलं होतं, ‘बूस्टर गेला, नवीन टाक.’ पुढे कसाऱ्याचा घाट, आणि बूस्टर टाकायचा म्हणजे पैसे गेले नि दिवसाची फेरीही गेली.

मिस्त्रींनी इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबलं, पाय तसाच ठेवून इंजिन चालू केलं. पेडल थोडं खाली जायला हवं होतं, गेलं नाही. मी मनातल्या मनात निकाल दिला : बूस्टर खराब. मिस्त्रींनी मात्र बूस्टरची नळी काढून तोंडावर अंगठा धरला. ओढच नाही! मग अल्टरनेटरच्या मागच्या व्हॅक्यूम पंपावर अंगठा धरला. तिथे जोरदार ओढ. म्हणजे पंप ठीक, मधली नळी चिरलेली. नळी बदलली, तीच टेस्ट पुन्हा केली, पेडल खाली गेलं. बूस्टर जुनाच राहिला.

आता आपल्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनच्या धड्यातला व्हॅक्यूम मॉड्युलेटर आठवा. 1964 चा जीएमचा टर्बो हायड्रामॅटिक 400, 1966 चा फोर्डचा सी6, या अमेरिकन पिकअपमध्ये बसणाऱ्या गिअरबॉक्सवर तो असे. आत एक डायफ्राम, एका बाजूला इनटेक मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम. ॲक्सिलरेटर कमी तेव्हा व्हॅक्यूम जास्त, म्हणून गिअर लवकर आणि हळुवार पडतो. लोड आला की व्हॅक्यूम घटतो, तेलाचा दाब वाढतो, गिअर उशिरा पण घट्ट पडतो. डिझेलला थ्रॉटल नसल्याने हा व्हॅक्यूम आयता मिळत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो.

गिअर उशिरा आणि झटक्याने पडायला लागला की लोक मॉड्युलेटर बदलतात, नाहीतर थेट गिअरबॉक्सच उघडतात. पण नळी चिरली असेल तरी लक्षण तेच! नळी काढून बघितली की उलगडा होतो. इंजिन चालू असताना नळीत ओढ नसेल तर दोष नळीत किंवा तिच्या मागे. मॉड्युलेटरच्या बाजूने नळीत गिअरबॉक्सचं तेल सापडलं, तर डायफ्राम फाटला. मग ते तेल इंजिनात ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि खाली थेंबही न गळता तेल कमी होत जातं. तेव्हा मॉड्युलेटर खुशाल बदला. तो बाहेरूनच निघतो, गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही.

हे सगळं आपल्याला का सुचत नाही? कारण आपलं प्रॅक्टिकल म्हणजे कट-सेक्शनभोवती उभं राहायचं, सीनियरच्या जर्नलवरून आकृती उतरवायची आणि ओरलला व्याख्या म्हणायची. बिघडलेली वस्तू आपल्यासमोर कधी येतच नाही.

सरांना नम्र विनंती : लॅबमधल्या चालू इंजिनावर एखादी नळी मुद्दाम सैल करून ठेवा, हातात व्हॅक्यूम गेज द्या आणि दोष शोधायला लावा. पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच पारा दाखवतं, हे स्वतः वाचलेलं कोणी विसरणार नाही. जर्नलमध्ये ‘काय बदललं’ याच्या आधी ‘का बदललं’ असा एक रकाना टाका.

आणि होस्टेलकरांनो, रविवारी पिक्चर आहेच. एखादा रविवार गॅरेजवर घालवून बघा. उद्या आपण ‘बदला’ म्हणून सही करू, तेव्हा बिल दुसरंच कोणी भरणार आहे.