मजुरीचा तळ सगळीकडे सारखा हवा

किमान वेतन वाढवण्याची चर्चा निघाली की आपल्या जिल्ह्यात एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘मजुरी वाढवली तर धंदा बाहेर जाईल.’ इचलकरंजीचा यंत्रमागधारक भिवंडी-मालेगावकडे बोट दाखवतो आणि भिवंडीवाला तमिळनाडूकडे. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ती खरी मानली, तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष मालक काढतात त्याच्या नेमका उलटा आहे.

इचलकरंजीचेच उदाहरण घेऊ. इथल्या यंत्रमाग कामगाराला मजुरी मीटरवर मिळते आणि पाळी सर्रास बारा तासांची असते. 1948 च्या किमान वेतन कायद्यानुसार दर पाच वर्षांच्या आत वेतनाची फेररचना व्हायला हवी होती. यंत्रमाग उद्योगात मात्र 1986 नंतरची फेररचना थेट जानेवारी 2013 मध्ये झाली. एक अख्खी पिढी जुन्या दराच्या आधाराने जगली. त्याच वर्षी इचलकरंजीचे कामगार महिनाभराहून अधिक काळ संपावर होते. तेव्हापासून महागाई निर्देशांकानुसार दर जानेवारीत मीटरमागे काही पैशांची वाढ सहायक कामगार आयुक्त कार्यालय जाहीर करते आणि ती द्यायची की नाही, यावर दरवर्षी नव्याने वाद होतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पगारपत्रकाच्या प्रणालीत मजुरीचा दर म्हणजे तक्त्यातला एक आकडा, बदलायला मिनिटभर पुरते. पाव शतक तो बदलला नाही, याचे कारण तांत्रिक असू शकत नाही. महागाई वाढत असताना दर गोठवून ठेवणे म्हणजे दरवर्षी पगार कापणे. फक्त त्याची पावती कुणाला मिळत नाही.

आता मालकाची बाजू पाहू. इचलकरंजीत अनेक जण ‘खर्चीवाले’ आहेत. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे. याचे फक्त माग, शेड आणि वीजबिल. व्यापारी जी मजुरी देईल तिच्यावर हा चालतो. वीजदर याच्या हातात नाही, सुताचा भाव नाही, व्यापाऱ्याचा दरही नाही. हातात उरतो तो फक्त कामगाराचा पगार. म्हणून काटकसर तिथेच होते. ‘तुला परवडत नसेल तर दुसऱ्या गावात कापड विणून घेतो,’ ही व्यापाऱ्याची धमकी खरी ताकद आहे. ती चालते, कारण दुसऱ्या गावात माणूस आणखी स्वस्त मिळतो.

यावर उपाय एकच. कुणालाही ज्याच्या खाली जाता येणार नाही असा मजुरीचा तळ देशभर असावा. तो असला की व्यापाऱ्याची धमकी बोथट होते. मग स्पर्धा कापडाच्या दर्जावर, मागाच्या वेगावर आणि वेळेवर माल देण्यावर होईल. छोट्या मालकालाही व्यापाऱ्याकडे दर वाढवून मागताना कायद्याचा आधार मिळेल.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेत अशा पायाभूत वेतनाची तरतूद आहे आणि कोणत्याही राज्याला त्याच्या खाली जाता येत नाही. प्रश्न आकड्याचा आहे. आधीचा राष्ट्रीय तळ बंधनकारक नव्हता. तो 2017 मध्ये रोज 176 रुपये होता आणि 2019 मध्ये 178 झाला. 26 दिवसांचे होतात 4,628 रुपये. सरकारनेच नेमलेल्या अनूप सत्पथी समितीने 2019 मध्ये रोज 375 रुपये, म्हणजे महिना 9,750 रुपये सुचवले होते. मोजमाप तर त्याहून जुने आहे. 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने अन्न, कपडे, घरभाडे आणि इंधन धरून निकष ठरवले. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधोपचार अशा गरजांसाठी 25 टक्क्यांची भर घातली. तळ या मोजमापाने ठरला नाही, तर तो फक्त कागदावरच राहील.

वेतन वाढले की रोजगार घटतो, हा आक्षेपही तपासायला हवा. अमेरिकेत 1992 मध्ये न्यू जर्सी राज्याने किमान वेतन वाढवले. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना केली, तेव्हा फास्टफूड हॉटेलांतल्या नोकऱ्या घटल्याचे त्यांना दिसले नाही. म्हणून कितीही वाढवा, असा त्याचा अर्थ नाही. आपल्याकडे मोठा धोका वेगळाच आहे: कागदावर वाढ आणि हातात जुनाच पगार.

1982 मध्ये एशियाड बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही संविधानाच्या कलम 23 नुसार वेठच आहे. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात वेठ बंद केली, याचा अभिमान बाळगणाऱ्या कोल्हापूरला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आणि हे फक्त इतरांना सांगून भागणार नाही. आपल्यातही बेकरीवाले, गॅरेजवाले, हॉटेलवाले आहेत. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण जुम्म्याच्या बयानात ऐकतो. मजुरी वेळेवर दिली, पण ती घर चालण्याइतकी नसेल, तर त्या शिकवणीचे अर्धेच पालन झाले. मशिदीच्या ट्रस्टींनी इमाम आणि मुअज्जिनच्या मानधनाचा आकडा या वर्षी बैठकीत मांडावा आणि त्यात पाच जणांचे घर चालते का, ते मोजावे.

कामगारांनी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पगार बँकेतून आणि पगाराची स्लिप हातात, असा आग्रह धरा. थकबाकीच्या दाव्याची मुदत आता सहा महिन्यांऐवजी तीन वर्षे आहे. आणि वेतन कमी दिल्याची तक्रार झाली, तर पूर्ण वेतन दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची आहे. हक्क कागदावर आला आहे. तो वसूल करायला एकटा कामगार कचेरीत जाणार नाही. त्याच्याबरोबर अर्ज लिहिणारा, तारखेला सोबत येणारा कुणीतरी लागेल. ते काम आपल्यासारख्या शिकलेल्यांनी करायचे आहे.