हॉबीज : रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक

आपल्या सगळ्यांच्या रिझ्युमेमध्ये अगदी तळाला एक ओळ असते... 'हॉबीज'. वर सीजीपीए, मिनी प्रोजेक्ट, इंटर्नशिप अशी भारदस्त मंडळी ऐसपैस बसलेली असतात आणि ही बिचारी खाली, पानावर जागा उरलीच तर. त्यात काय लिहायचं हेही जवळजवळ ठरलेलं. रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक. फार तर ट्रॅव्हलिंग. (ट्रॅव्हलिंग म्हणजे सिंहगड आणि एकदा गोवा!)

या ओळीवर एवढं चिडायचं कारण म्हणजे मला गेलं वर्षभर लागलेलं एक वेड. बोर्ड गेम्स बनवणाऱ्या लोकांच्या मुलाखती वाचायचं. सुरुवात झाली हॉस्टेलवर एका सिनियरने आणलेल्या 'कटान'मुळे. डाव संपला की मला प्रश्न पडायचा, हे असलं काही सुचतं कोणाला? मग शोधाशोध. या मुलाखतींमध्ये दोन प्रश्न हमखास असतात. एक, तुम्हाला कल्पना सुचतात कशा? आणि दुसरा, खेळ सोडून तुम्ही आणखी काय करता? पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा गुळमुळीत असतं. दुसऱ्या उत्तरात मात्र खरा माल!

'कटान' बनवणारे क्लाउस टॉयबर जर्मनीत दातांच्या कवळ्या बनवायचे. स्वतःची डेंटल लॅब होती. दिवसभर तिथली कटकट आणि संध्याकाळी घराच्या तळघरात जाऊन पुठ्ठे कापायचे. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं की खेळ बनवणं ही त्यांच्यासाठी त्या कामातून पळून जायची जागा होती. एकदा त्यांनी पॅट्रिशिया मॅकिलिप या लेखिकेची कोड्यांवरची एक फँटसी कादंबरी-मालिका वाचली. ती संपली याचं त्यांना इतकं वाईट वाटलं, की तीच मजा पुन्हा मिळावी म्हणून त्यांनी एक खेळ बनवला. 'बार्बारोसा'. मातीचे आकार करायचे आणि बाकीच्यांनी ओळखायचे. त्याला १९८८ साली जर्मनीतलं 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाचं बक्षीस मिळालं. पुस्तक संपल्याचं दुःख आपल्यालाही होतं ना! आपण फार तर स्टेटस टाकतो.

'कटान' आला १९९५ मध्ये. आधी तो एक भलामोठा खेळ होता, बेट शोधायचं, वस्ती करायची, राज्य करायचं, सगळं एकातच. टॉयबरनी त्याचे तुकडे केले. एका तुकड्याचा 'कटान' झाला आणि उरलेल्यातून पुढे 'एन्टडेकर' आणि 'ल्योवेनहेर्त्स' असे आणखी दोन खेळ निघाले. तपासायला घरचीच माणसं. बायको आणि मुलं टेबलाभोवती बसायची आणि एक मुलगा खेळताखेळता टेबलाखाली कॉमिक वाचायचा. बापाने काय ओळखायचं ते ओळखायचं! पुढे 'कटान'चे चार कोटींहून जास्त संच खपले. टॉयबर २०२३ मध्ये गेले. पण बक्षीस मिळालं म्हणून दुसऱ्या दिवशी लॅबला कुलूप ठोकलं असं झालं नाही. पुढची काही वर्षं कवळ्या चालूच होत्या.

आता थोडं गणित. (पान उलटू नका, एम-थ्री नाहीये हे!) 'कटान'मध्ये दोन फासे टाकतात. सहा आणि आठ पडायची शक्यता प्रत्येकी ३६ पैकी ५, सातची ३६ पैकी ६ आणि दोनची ३६ पैकी फक्त १. म्हणून पटावरच्या आकड्यांखाली शक्यतेप्रमाणे छोटे ठिपके छापलेले असतात आणि सहा-आठ लाल रंगात. आमच्या विंगमधल्या एकीला प्रोबॅबिलिटीत केटी लागली होती. ती आता ठिपके बघून अशा जागा पकडते की बाकीचे रडकुंडीला येतात. केटी सुटली का, ते मात्र विचारू नका.

राइनर क्निझिया तर गणितात पीएच.डी. उल्म विद्यापीठाची. बँकेतल्या मोठ्या नोकरीत होते, १९९७ पासून पूर्णवेळ खेळ बनवतात आणि आतापर्यंत त्यांचे सहाशेच्या वर खेळ छापले गेलेत. 'टायग्रिस अँड युफ्रेटिस' या त्यांच्या खेळात चार रंगांचे गुण मिळवायचे असतात, पण शेवटी धरतात तो तुमचा सगळ्यात कमी गुणांचा रंग! तीन रंगांत ढीगभर कमावलंत आणि चौथ्यात दोनच, तर तुमचे गुण दोन. वाचून मी मोठ्याने हसले. हे तर आपल्या युनिव्हर्सिटीचं पासिंग! फरक एवढाच की क्निझियांच्या खेळात त्यामुळे चुरस येते. या गृहस्थांची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ते दुसऱ्यांचे खेळ फारसे खेळत नाहीत, कारण इतरांनी प्रश्न कसा सोडवला हे माहीत झालं की आपलं डोकंही त्याच वाटेने जातं असं त्यांना वाटतं. आणि आपण? असाइनमेंट मिळाल्याबरोबर पहिला प्रश्न, "लास्ट इयरची फाइल कोणाकडे आहे?"

क्रिएटिव्हिटीला मराठीत 'सर्जनशीलता' म्हणतात हे मला बारावीनंतर कळलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मराठी म्हणजे आठवड्यातून चार पिरियड आणि घरी आजी. क्रिएटिव्हिटीसाठी मात्र वेगळा तास होता, एस.यू.पी.डब्ल्यू. त्यात सगळ्या मुलींनी एकाच मापाचा, एकाच रंगाचा पेनस्टँड बनवायचा. सिस्टर पट्टी घेऊन माप तपासायच्या. इंजिनिअरिंगला आल्यावर वाटलं, सुटलो! पण इथे तर स्टँडही तयार मिळतो. पैसे दिले की प्रोजेक्ट, रिपोर्ट, पीपीटी आणि व्हायव्हाचे संभाव्य प्रश्न, सगळं पॅकेज. असो.

ज्या बाईंमुळे हा लेख लिहायला घेतला त्या म्हणजे एलिझाबेथ हारग्रेव्ह. अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ राहतात. आरोग्य-धोरणांचा अभ्यास हे त्यांचं काम होतं. म्हणजे दिवसभर आकडेवारी. आणि सुट्टीत गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायचे. मित्रमंडळींबरोबर खेळायला बसलं की प्रत्येक खेळात तेच, किल्ले बांधा, व्यापार करा. त्यांना प्रश्न पडला की आम्हाला ज्यात खरोखर रस आहे त्यावर कोणी खेळ का करत नाही? मग त्यांनीच केला. 'विंगस्पॅन', २०१९. त्यात १७० पक्षी, प्रत्येकाचं वेगळं कार्ड. पंखांचा पसारा किती, घरटं कसलं, खातो काय, अंडी किती. हे सगळं खऱ्या माहितीवरून, भल्यामोठ्या स्प्रेडशीटमध्ये मांडून. काउबर्ड नावाचा एक पक्षी आपल्या कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालतो. खेळातल्या त्याच्या कार्डावर स्वतःचं एकही अंडं ठेवता येत नाही, पण दुसऱ्या खेळाडूने अंडी घालायची चाल केली की तुम्हाला फुकटात एक अंडं मिळतं, तुमच्याच दुसऱ्या पक्ष्याच्या घरट्यात ठेवायला! नियम पाठ करावाच लागत नाही, पक्षी समजला की नियम समजला. त्याच वर्षी या खेळाला 'केनरश्पील देस यारेस' मिळालं. जाणकार खेळणाऱ्यांसाठीचं बक्षीस असतं ते. आणि हा त्यांचा छापून आलेला पहिलाच खेळ!

नोकरीतली स्प्रेडशीट आणि सुट्टीतली दुर्बीण. यातलं एक काढलं असतं तर 'विंगस्पॅन' झाला असता का? मला नाही वाटत.

आता माझ्या रूम पार्टनरबद्दल सांगते. (तिची परवानगी घेतली आहे, नाव छापणार नाही या अटीवर.) ही चिपळूणकडची. सकाळी सहाला खिडकीबाहेर काही ओरडलं की डोळे न उघडता सांगते, "दयाळ आहे, झोप." तांबट, हळद्या, नाचण, सगळे आवाजावरून ओळखते. गावाकडे धनेशाच्या ढोलीखाली तासन् तास बसलेली आहे. सातवीपासूनच्या नोंदींच्या वह्या होत्या तिच्याकडे. कुठल्या तारखेला कुठल्या झाडावर कोण, सगळं. बारावीत सीईटीच्या वेळी त्या वह्या माळ्यावर गेल्या. "एकदा ॲडमिशन होऊ दे, मग काय ते कर." ॲडमिशन झाली. मग "एकदा प्लेसमेंट होऊ दे." गेल्या महिन्यात रिझ्युमे तपासायला बाहेरून आलेल्या एका ट्रेनरने तिच्या 'बर्ड वॉचिंग'वर लाल पेनाने काट मारली. म्हणे टेक्निकल वाटत नाही, इंटरव्ह्यूमध्ये कोणी विचारलं तर वेळ जाईल. तिने निमूटपणे खोडलं. आता तिथे काय आहे ओळखा पाहू... रीडिंग, लिसनिंग टू म्युझिक. गाणी ही मुलगी ऐकतच नाही!

माझा आक्षेप इथे आहे. पाच वर्षं निरीक्षण करणं, नोंदी ठेवणं, तारखा लावून तुलना करणं, याला डेटा कलेक्शन नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? तिच्या मिनी प्रोजेक्टच्या रीडिंग्जपेक्षा त्या वह्यांतली रीडिंग्ज नक्कीच जास्त खरी आहेत. (आमच्या ग्रुपची रीडिंग्ज कशी आली ते छापण्यासारखं नाही.)

कोणी म्हणेल, मग काय, छंदातून करिअर करा असं सांगतेस का? अजिबात नाही! त्या विषयावरच्या सेमिनारना बसून माझी पाठ दुखली आहे. आधी छंद दाबून टाकायचा आणि मग त्यातून पैसे कसे काढायचे यावर लेक्चर द्यायचं, दोन्ही एकाच माळेचे मणी. टॉयबर काय, हारग्रेव्ह काय, खेळ बनवत होते तेव्हा घर पगारावर किंवा धंद्यावर चालत होतं. माझे बाबा हेच म्हणतात आणि त्यांचं खरं आहे. माझं म्हणणं एवढंच की नोकरी छंदाला पोसते तसा छंदही नोकरीला काहीतरी देत असतो, आणि हिशेब धरताना आपण एकच बाजू धरतो.

मॅट लिकॉक बघा. याहूसारख्या कंपन्यांमध्ये लोकांना वापरायला सोपे पडतील असे स्क्रीन डिझाइन करायचं काम होतं. त्यांनी क्निझियांचा 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' खेळला, ज्यात सगळे एका बाजूने खेळतात, आणि त्यावरून २००८ मध्ये 'पँडेमिक' बनवला. सगळ्यांनी मिळून साथीच्या रोगांशी लढायचं. पटावर आपली मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता चारही आहेत. यातली एक युक्ती तर लाजवाब. साथ भडकली की आधी उघडलेली शहरांची कार्डं पिसून पुन्हा गड्डीच्या वरच ठेवायची. म्हणजे जिथे रोग पोचलाय तिथेच तो पुन्हा डोकं वर काढणार. एका नियमात सगळी भीती! मार्च २०२० मध्ये लिकॉकनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहिला, की हा डाव एकट्याला जिंकता येत नाही. तेव्हा आपण सगळे शाळेत होतो आणि घरात कोंडलेलो होतो.

आणि कोल वेर्ले यांनी पीएच.डी. केली चक्क इंग्रजी साहित्यात, टेक्सास विद्यापीठात. त्यांचा 'जॉन कंपनी' ईस्ट इंडिया कंपनीवर आहे. खेळाडू म्हणजे इंग्लंडमधली घराणी. आपापली पोरं कंपनीत चिकटवायची, बॉम्बे-मद्रास-बंगालमधून पैसा काढायचा आणि म्हातारपणी तिकडे हवेली घ्यायची. पटावर मराठ्यांचा मुलूखही आहे. कंपनी बुडाली तरी तुमचं घराणं जिंकू शकतं! मी फक्त नियमपुस्तक वाचलंय, खेळायला मिळालेला नाही. पण आठवीच्या इतिहासात कंपनीने हे का केलं, ते का केलं यावर पाच-पाच मुद्दे पाठ केले होते, त्यापेक्षा या नियमांनी जास्त समजावलं. आपल्याकडे घरोघरी 'व्यापार' खेळतात त्याचं मूळही असंच. लिझी मॅगी या स्टेनोग्राफर बाईंनी १९०४ मध्ये 'लँडलॉर्ड्स गेम'चं पेटंट घेतलं, जमीनदारी किती वाईट ते दाखवायला. त्यातून पुढे 'मोनोपॉली' आला आणि आपण दादरला हॉटेल बांधून भावाला कंगाल करायला शिकलो. बिचाऱ्या मॅगीबाई!

म्हणून माझ्या दोन मागण्या. पहिली आपल्या जिमखान्याकडे आणि विभागांकडे. टी.ई.नंतर आर्ट सर्कलला परवानगी नाही, केटी असेल तर नाटकाला नाही, हा नियम काढा. नाटक बंद केल्याने कोणाची केटी सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. दुसरी मिनी प्रोजेक्टबद्दल. व्हायव्हाच्या आधी प्रत्येक प्रोजेक्ट दुसऱ्या ब्रँचच्या चार अनोळखी मुलांच्या हातात द्या आणि बनवणाऱ्यांनी शेजारी तोंड बंद ठेवून बसायचं. समजावून सांगायचं नाही. खेळ बनवणारे हेच करतात. लोक कुठे अडतात, कुठे जांभई देतात, कोण टेबलाखाली कॉमिक काढतो ते बघत राहतात आणि घरी जाऊन पुन्हा पुठ्ठा कापतात. विकत आणलेला प्रोजेक्ट या परीक्षेत पाच मिनिटं टिकणार नाही.

रूम पार्टनरने दिवाळीत माळ्यावरून त्या वह्या खाली काढल्या. सध्या आम्ही दोघी मिळून कोकणातल्या पक्ष्यांवर एक डाव बनवतोय. चाळीस कार्डं झालीत, चित्रं तिची, नियम माझे, पुठ्ठा मेसमधल्या खोक्यांचा. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर बाहेरून खाणं आणून देतो, ते नियमात काही केल्या बसत नाहीये. एक खेळाडू तीन चाली नुसता बसून राहतो आणि कंटाळतो. दर शनिवारी जेवणानंतर गर्ल्स हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही असतो, खेळायला माणसं हवी आहेत. बॉईज हॉस्टेलसाठी रविवारी सकाळी कँटीनमध्ये. चहा तुमचा तुम्ही घ्यायचा, आणि जांभई आली तर दाबायची नाही.