पंधरा दिवस की नव्वद?

लिफाफा घेतला नाही म्हणजे नोटीस आलीच नाही, असं मानणारे आपल्या तालुक्यात अजून आहेत. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावात भाड्याच्या गाळ्यात दुकान चालवणारे एक गृहस्थ या आठवड्यात समन्स घेऊन आले. भाडेवाढीवरून मालकाशी अबोला, काही महिन्यांचं भाडं थकलेलं. मालकाच्या वकिलाचं रजिस्टर्ड पत्र आलं, तर यांनी ‘घेण्यास नकार’ म्हणून परत पाठवलं. सल्ला चहाटपरीवरचा: ‘काही होत नाही जी, सही करू नका.’ अहो, बरोबर पत्त्यावरचं पत्र नाकारलं तर ते पोचलं असंच कोर्ट सहसा धरतं. फक्त आत काय लिहिलंय ते आपल्याला कळत नाही.

राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. हेच गृहस्थ गावाकडे दीड एकर धान करतात. पीकविम्यात ७२ तासांत नुकसान कळवायची अट होती, त्या काळात एकदा कापलेल्या कडपा पावसात भिजल्या. यांनी त्याच संध्याकाळी बांधावरून फोटो काढले, टोल फ्री नंबर लागेना तेव्हा कृषी सहायकाच्या दारात जाऊन बसले, गटनंबर तोंडपाठ, सातबारा पिशवीत. ‘अर्ध्या दिवसाचा उशीर झाला तरी कंपनी हात वर करते,’ हे मला त्यांनीच समजावलं होतं. आणि ज्या गाळ्यावर वर्षभर चूल पेटते, त्याचा लिफाफा पोस्टमनसोबत परत!

भाड्याच्या घराचेही दिवस मोजलेले असतात, आणि किती मोजलेत हेच आपल्याला ठाऊक नसतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ सरसकट प्रत्येक गावाला लागू नाही, परिशिष्टातल्या हद्दींनाच आहे. हद्दीत असाल तर थकबाकीची नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस मालकाला त्या कारणावरून दावा लावता येत नाही. हद्दीबाहेर असाल तर गाठ १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याशी. तिथे महिन्याच्या भाडेपट्ट्याला १५ दिवसांची नोटीस पुरते. करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा असेल तर तिसराच हिशेब. तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न ‘जिंकू का’ हा नकोच, ‘माझ्याकडे दिवस किती’ हा विचारायचा.

टपरीवरचे जाणते अजून सांगतात, ‘कलेक्टरची परवानगी लागते.’ लागायची, रेंट कंट्रोलरची. मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा आदेश होता तेव्हा. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, आदेश गेला. सल्ला मात्र बशीतून अजून फिरतोच आहे.

खरं तर नोटिशीपर्यंत थांबायचंच कशाला? मालकाने भाडं घेऊन पावती नाकारली, तोच सल्ल्याचा दिवस. १९९९ च्या कायद्याखाली पावती न दिल्यास दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड आहे. करार नोंदवायची जबाबदारीही मालकाची. अकरा महिन्यांचा आहे म्हणून सुटका नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत.

   

वकिलाची फी परवडत नाही, हे कारणही पुरं पडत नाही. महिला, अनुसूचित जाती आणि जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. इतरांना आपल्या राज्यात वार्षिक ३ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास. १५१०० वर फोन करा, नाहीतर गोंदियाच्या न्यायालयातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. जाताना असतील नसतील त्या पावत्या, फोनवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी आणि तो लिफाफा न्या. फोडलेला.

आमच्या दुकानदारांना परवा तिकडेच धाडलं. गाळा परिशिष्टाच्या हद्दीत निघाला तर अजून वाट आहे: समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत सगळी थकबाकी कोर्टात भरायची, वर १५ टक्के व्याज, दाव्याचा खर्च, आणि निकालापर्यंत दरमहा भाडं. लिफाफा घेऊन वेळेत भरलं असतं तर नुसत्या थकलेल्या भाड्यात भागलं असतं.